क्लासिक मोटारगाड्यांची हिवाळी साठवण

क्लासिक मोटारगाड्यांची हिवाळी साठवण म्हणजे जतन करण्याजोग्या जुन्या गाड्या थंडीच्या महिन्यांत रस्त्यावर न आणता, आवश्यक पूर्वतयारी करून बंद जागेत ठेवण्याची पद्धत होय. ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हियातील देश, कॅनडा आणि अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये येथे रूढ आहे. साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये गाडी ठेवली जाते व मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर काढली जाते. पद्धतीच्या नावात हिवाळा असला, तरी उभ्या गाडीचे नुकसान थंडीपेक्षा ओलाव्यामुळे अधिक होते. त्यामुळे तयारीतील बहुतेक कृतींचा उद्देश पाणी व बाष्प धातूपासून दूर ठेवणे हा असतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात गाडी ठेवून देणे ही हौस नव्हती, गरज होती. त्या काळच्या बहुतेक गाड्या उघड्या असत, रस्त्यांवरील बर्फ हटवण्याची व्यवस्था नसे आणि रेडिएटरमधील पाणी गोठत असे. म्हणून चाकांवरचा भार काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली जाई आणि रेडिएटर रिकामा केला जाई. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशीच वेळ वेगळ्या कारणाने आली. जुलै १९४२ मध्ये खाजगी गाड्यांना मिळणारे पेट्रोलचे मूळ रेशन बंद झाले आणि असंख्य गाड्या युद्ध संपेपर्यंत ठोकळ्यांवर उभ्या राहिल्या.

पुढे बंदिस्त गाड्या आल्या, गोठणरोधक द्रव्ये सर्रास मिळू लागली आणि हिवाळ्यात गाडी चालवणे सामान्य झाले. मात्र त्याच सुमारास रस्त्यांवर मीठ टाकण्यास सुरुवात झाली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ मध्ये त्याचा प्रयोग झाला व महायुद्धानंतर ही रीत वेगाने पसरली. मिठामुळे बर्फ कमी तापमानाला वितळतो. पण खाऱ्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहत असल्याने लोखंड गंजण्याची क्रिया कित्येक पटींनी वाढते. १९७० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यांवर जस्ताचा थर नसे आणि चौकटीच्या पोकळ भागांना आतून संरक्षण नसे. अशी गाडी एखाद-दुसऱ्या खारट हिवाळ्यातही कायमची खराब होऊ शकते. आजच्या हिवाळी साठवणीमागचे मुख्य कारण हेच आहे.

कायदेशीर बाजू

जर्मनीमध्ये १९९७ पासून हंगामी क्रमांकपाटीची सोय आहे. पाटीच्या उजव्या कडेला आरंभीचा व अखेरचा महिना एकाखाली एक छापलेला असतो आणि त्या मुदतीबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता किंवा उभीही करता येत नाही. कर व विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नसल्याचे लेखी जाहीर करण्याची पद्धत १९९८ मध्ये लागू झाली. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना तेथे रस्ताकर माफ असला, तरी हे निवेदन त्यांनाही चुकत नाही आणि निवेदनानंतर गाडी खाजगी जागेतच ठेवावी लागते.

धुलाई आणि जागा

साठवणीपूर्वी गाडी वरून आणि विशेषतः खालून धुतली जाते. मडगार्डच्या आतील कडा, चौकटीचे कोपरे आणि दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके येथे चिखल साचतो व तो महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो. धुतल्यावर लगेच गाडी झाकणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. त्याऐवजी कोरड्या दिवशी तीस-चाळीस किलोमीटरची फेरी मारून सांध्यांतील पाणी वाळवले जाते आणि ब्रेकही गरम करून कोरडे केले जातात.

हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, म्हणून ती ५० टक्क्यांच्या आसपास राखणे हितावह मानले जाते. फार कोरडी हवाही उपयोगाची नाही. तिच्यामुळे चामडे तडकते आणि लाकूड आकसते. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असलेल्या मॉर्गनसारख्या गाड्यांच्या बाबतीत याला महत्त्व आहे. जागा गरम असण्यापेक्षा तिचे तापमान स्थिर असणे अधिक मोलाचे ठरते. कडाक्याच्या थंडीनंतर अचानक ऊबदार, दमट वारा सुटला, तर हवा तापते पण गाडीचे जड लोखंड थंडच राहते आणि त्यावर दव धरते. गोठ्यात किंवा पडवीत ठेवलेल्या गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स व ब्रेकच्या थाळ्या अशा एका सकाळीच ओल्याचिंब झालेल्या आढळतात.

आच्छादन हवा खेळती ठेवणाऱ्या कापडाचे असावे लागते. प्लास्टिकची ताडपत्री जमिनीतून वर येणारी वाफ आत कोंडते, त्यामुळे बंद जागेत तिच्यापेक्षा जुनी सुती चादर बरी.

इंजिन आणि वंगण

इंजिन ऑइल साठवणीपूर्वी बदलावे, साठवणीनंतर नव्हे, असा संकेत आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले, पाणी आणि न जळलेले पेट्रोल मिसळलेले असते व ते चार-पाच महिने बेअरिंगांच्या पृष्ठभागांना लागून राहते. इंजिन गरम असताना जुने ऑइल काढून नवे भरले जाते आणि ते सर्वत्र पोहोचावे म्हणून इंजिन थोडा वेळ चालवले जाते. दीर्घ मुदतीसाठी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतात आणि इंजिन हाताने फिरवून ते भिंतींना लावतात.

इंधन

पेट्रोल साठवले की त्यातील हलके घटक उडून जातात व उरलेल्या भागातून चिकट डिंकासारखा थर तयार होतो. तो कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्रे बुजवतो. पोलादी टाकी जवळपास काठोकाठ भरून ठेवण्याचा सल्ला पूर्वीपासून दिला जातो, कारण रिकाम्या टाकीतील हवेतून दव धरते आणि टाकी आतून गंजते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने या प्रश्नात भर घातली आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी मुरू शकते. त्याहून जास्त झाले किंवा तापमान उतरले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि टाकीच्या तळाचा पत्रा नेमका त्याच थरात बुडालेला राहतो. जुन्या रबरी नळ्या आणि काही फायबरग्लासच्या टाक्याही इथेनॉलने मऊ पडतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले. जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले उच्च ऑक्टेनचे पेट्रोल सुचवले जाते. सोबत स्थिरक द्रव्य टाकीत घातल्यास गाडी काही मिनिटे चालवावी लागते, अन्यथा ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही.

शीतक

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. हा ताण बिडाच्या इंजिनालाही सोसत नाही व सिलिंडरब्लॉक तडकतो. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या गोठण्याच्या वेळी सुटून इंजिन वाचवतात, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात त्या टोप्या ओतकामातील वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके बुजवतात. कधी त्या बाहेर ढकलल्या जातात, कधी नाही, त्यामुळे त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते. शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. म्हणजे जास्त घातल्याने संरक्षण वाढतेच असे नाही. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असल्याने सांडलेले थेंब लगेच पुसावे लागतात. कुत्री-मांजरे ते चाटून मरतात. फोक्सवॅगन बीटल, सिट्रोएन २सीव्ही यांसारख्या हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न उद्भवत नाही.

बॅटरी

पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीतील द्रव उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव उणे १० अंशांच्या आसपास गोठून तिचे कवच फुटू शकते. उतरलेल्या स्थितीत पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिकही जमतात. यासाठी बॅटरी काढून घरात ठेवतात किंवा तिला स्वयंचलित चार्जर जोडून ठेवतात. तार सोडवताना प्रथम चौकटीला जोडलेले टोक काढायचे असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हे टोक धन असते, ऋण नव्हे. एमजीबी ही गाडीसुद्धा १९६७ पर्यंत अशीच बनत असे. आजच्या सवयीने केलेली जोडणी अशा गाडीच्या डायनॅमोला आणि उपकरणांना बाधक ठरते.

टायर, ब्रेक आणि क्लच

एकाच जागी उभ्या गाडीचे टायर तळाशी चपटे होतात. हवेचा दाब उत्पादकाच्या मर्यादेत राहून वाढवणे हा त्यावरचा साधा उपाय होय. गाडी स्टँडवर उचलायची झाल्यास आधार आसाखाली द्यावा, चौकटीखाली नव्हे. चौकटीवर उचललेल्या गाडीचे सस्पेन्शन लोंबकळते व रबरी बुश पिळले जातात. सिट्रोएन डीएसची गोष्ट वेगळी. तिच्या द्रव-वायू सस्पेन्शनमधील दाब उतरला की गाडी आपोआप खाली बसते. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांतील सस्पेन्शनचा द्रव पाणी शोषणारा होता, त्यामुळे उभ्या गाडीत झडपा आतून गंजत. १९६६ नंतर आलेल्या हिरव्या खनिज तेलाने हा दोष दूर झाला. दोन्ही द्रवांची अदलाबदल मात्र चालत नाही.

हँडब्रेक लावून ठेवलेल्या गाडीचे ब्रेकपट्टे ड्रमला चिकटतात. म्हणून तो मोकळा सोडून चाकांना अडसर लावतात. क्लचची प्लेटही फ्लायव्हीलला धरून बसते, त्यासाठी पेडल लाकडी फळीने दाबून ठेवण्याची युक्ती वापरली जाते. ग्लायकॉलवर आधारित ब्रेकद्रव हवेतील बाष्प ओढून घेतो, त्यामुळे तो साठवणीपूर्वी बदलणे श्रेयस्कर. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये.

अधूनमधून इंजिन सुरू करणे

दर पंधरवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते आणि ती गाडीसाठी जवळजवळ नेहमीच अपायकारक असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. गरम इंजिनातून ते वाफ होऊन बाहेर पडते. थंड इंजिनात मात्र त्यातील मोठा भाग सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठतो व सायलेन्सर आतून कुजतो. शिवाय चोक ओढून चालवलेल्या इंजिनातील जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर धुऊन काढते, आणि सुरू करण्यात खर्ची पडलेली बॅटरी इतक्या थोड्या वेळात भरून येत नाही. इंजिन सुरू करायचेच असेल, तर ऑइल पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे कोरड्या व मीठविरहित रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवणे आवश्यक असते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. जुन्या गाड्यांत उत्प्रेरक नसल्याने त्याचे प्रमाण अधिक असते आणि हा वायू वासाने ओळखता येत नाही.

उंदीर

गॅरेजमधील उबदार, शांत गाडी उंदरांना घरट्यासाठी सोयीची असते. सीटमधील घोड्याचे केस व कापूस ते उपसतात आणि कापडी वेष्टणाच्या तारा कुरतडतात. हवेच्या नळीचे व सायलेन्सरचे तोंड पोलादी काथ्याने बंद करून त्याची नोंद असलेली चिठ्ठी स्टिअरिंगला बांधतात. वसंतात हा बोळा विसरला जाणे ही दरवर्षीची घटना असते.

पुन्हा सुरू करणे

बाहेर काढताना प्रथम एअर फिल्टरच्या डब्यात घरटे नसल्याची खात्री करतात, कारण ते आगीला निमंत्रण ठरते. त्यानंतर सर्व द्रवांची पातळी व गाडीखालील गळती पाहतात. प्लग काढून ऑइलचा दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवले जाते, मग प्लग बसवून इंजिन सुरू केले जाते. रस्त्यावर येण्यापूर्वी ब्रेक आवारातच तपासले जातात.

भारतातील संदर्भ

भारताच्या बहुतांश भागात हिवाळा हा जुन्या गाड्यांचा मेळाव्यांचा हंगाम असतो आणि साठवण पावसाळ्यासाठी करावी लागते. मुंबई व कोकणात जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. गोठण्याचा धोका नसला तरी गंज, चामड्यावरील बुरशी आणि ब्रेक धरणे हे त्रास तेच आहेत. फरक असा, की येथील हवा उबदार असल्याने केवळ खोली गरम करून आर्द्रता घटवता येत नाही आणि बाष्प शोषणारे यंत्र लावावे लागते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आल्याने टाकी भरून ठेवण्याचा जुना सल्ला येथे अधिकच वादग्रस्त ठरला आहे. काही मालक टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांची ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या क्रमांकाने वेगळी नोंदणी होते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल व इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, त्यामुळे वर्षाचा बराच काळ ती उभीच असते.