पाटी, वेठ आणि राम

“सध्या नुसत्या पाट्या टाकतोय.” हिंजवडीतली आयटी कंपनी असो, बँकेचा काउंटर असो की कॉलेजची स्टाफरूम, हे वाक्य सगळीकडे कानावर पडतं. काम होतंय, पगार जमा होतोय, पण मन त्यात नाही, हे सगळं या दोन शब्दांत आलं. ते बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी पाटी उचललेली नसते.

पाटी म्हणजे टोपली. मातीकामावर ती भरायची, डोक्यावरून न्यायची, रिकामी करायची आणि परत फिरायचं. आता तिच्या जागी लोखंडी घमेलं आलंय, बाकी काम तेच. बाई डोक्यावरची चुंबळ सारखी करते, भरलेलं घमेलं तिच्या डोक्यावर चढतं, मान ताठ ठेवून ती फळीवरून वर जाते आणि गवंड्यापुढे माल ओतते. त्याच्याजवळचा माल संपायच्या आत पुढची खेप पोचायला हवी. हे काम लक्ष नसताना होत नाही. म्हणून हा वाक्प्रचार मला त्या बाईवर अन्याय करणारा वाटतो. तिच्या वाट्याला कष्ट आहेत, मजुरी अपुरी आहे, पण दिवस मावळताना भिंत किती वर आली हे तिला दिसतं. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांवर लाखो माणसांनी पोटासाठी माती वाहिली, खडी फोडली. त्यातही पाझर तलावाच्या बांधावर पाटी ओतणाऱ्याला ती माती कशासाठी पडते आहे हे ठाऊक होतं. ऑफिसात दिवसभर एक्सेलचे रकाने भरणाऱ्याला मात्र ती शीट पुढे कोण उघडतं, उघडतं की नाही, हेही कुणी सांगत नाही. कंटाळा तिथून सुरू होतो.

मन मारून केलेल्या कामासाठी मराठीत याहून नेमका शब्द आहे : वेठ. संस्कृत ‘विष्टि’ प्राकृतातून घासत आपल्याकडे ‘वेठ’ होऊन आली. विष्टि म्हणजे राजाने सक्तीने, मोबदला न देता करवून घेतलेलं काम. गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामन राजाचा इ. स. 150 च्या सुमाराचा शिलालेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेकडून जादा कर किंवा विष्टि न घेता, स्वतःच्या खजिन्यातून दुरुस्त केला, असं तो त्यात अभिमानाने नोंदवतो. म्हणजे विष्टि हे जाचाचं नाव आहे, हे तेव्हाच्या राजालाही कळत होतं. फारसी ‘बेगार’ तिला येऊन चिकटली आणि ‘वेठबिगार’ झाली. कायद्याने ती 1976 मध्ये बंद केली. त्याच बेगारीतला ‘बिगारी’ आज नाक्यावर रोज ठरवून कामाला जातो. फुकट राबणाऱ्याचं नाव मजुरी घेणाऱ्याला मिळालं. वेठ मात्र पगारी नोकरीतही शिरते. ‘उरकून टाक एकदाचं’ असं आपण स्वतःलाच बजावतो तेव्हा ती आत आलेली असते.

कंटाळ्याचं व्याकरणही पाहण्यासारखं आहे. मराठीत माणूस कंटाळतो, पण बरेचदा त्याला कंटाळा ‘येतो’, ताप यावा तसा. इंग्रजीतून आलेल्या ‘बोअर’लाही आपण ‘मला बोअर होतंय’ असं याच साच्यात बसवलं. आयटीत प्रोजेक्ट नसलेल्यांना ‘बेंचवर’ असल्याचं म्हणतात. पगार चालू, काम काही नाही. ज्यांनी तिथे आठवडे काढलेत ते सांगतील की रिकामेपणाचा कंटाळा कामाच्या कंटाळ्याहून जड असतो.

आणि मग तो शब्द, जो मला या सगळ्यांत सर्वात जवळचा वाटतो : ‘आता त्या नोकरीत राम राहिला नाही.’ पैसा, बढती, खुर्ची सगळं असूनही माणूस हे म्हणतो आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. ‘रमणे’ हे क्रियापद संस्कृत ‘रम्’ धातूचं, आणि राम या नावाची फोडही परंपरेने त्याच धातूवरून केली आहे. या धातूला आनंदणं आणि थांबणं हे दोन्ही अर्थ आहेत, ‘विराम’ त्याच्याच घरातला. मन एखाद्या ठिकाणी थांबलं तर ते रमलं. देवळात न जाणारेही कामाबद्दल बोलताना ‘राम’च म्हणतात. ‘अर्थ’ हा शब्द हाताशी होता, पण तो पैशालाही लागू पडतो, आणि पगाराच्या स्लिपवर जे मिळत नाही तेच तर त्यांना सांगायचं असतं.