स्तंभ घरी आला

मार्यूस बार्बो हा ऑक्सफर्डला शिकलेला मानववंशशास्त्रज्ञ. १९२९च्या उन्हाळ्यात त्याने कॅनडातल्या नास खोऱ्यातून निस्गा लोकांचा अकरा मीटर उंच लाकडी स्मृतिस्तंभ हलवला आणि एडिनबरोच्या संग्रहालयाला विकला. निस्गा सांगतात, गावकरी तेव्हा शिकारीला, मासेमारीला बाहेर गेले होते. कुणाला विचारलंच नाही. त्यांच्या लेखी त्या लाकडात पूर्वजाचा जीव आहे.

ज्या घराण्याचा स्तंभ, त्यातल्याच एमी पॅरेंट पुढे शिक्षणशास्त्रात पीएचडी झाल्या. २०२२मध्ये एडिनबरोला गेलेल्या निस्गा शिष्टमंडळात त्या होत्या. सप्टेंबर २०२३मध्ये स्तंभ लष्करी विमानातून घरी आला. अशा बाईंनी ‘समाजाचं ऋण फेडलं’ असं आपण पटकन म्हणतो. इथे कर्ज खरं तर संशोधकांच्या डोक्यावर होतं, चौऱ्याण्णव वर्षांचं.

आदिवासी ज्ञानावरच्या संशोधनाचे नियम कोणी ठरवायचे, यासाठी युनेस्कोचं एक अध्यासन आहे. पॅरेंट यांच्यासोबत ते सांभाळतात सोनाझरिया मिंज: झारखंडच्या उरांव, जेएनयूत संगणकशास्त्राच्या प्राध्यापक, दुमक्याच्या विद्यापीठाच्या माजी कुलगुरू. माझ्याच क्षेत्रातल्या. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी त्यांचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं.