ब्रिगेडियर जागा सोडत नाहीत

मिझोरमच्या सीमेवर, वैरेंगतेच्या नाक्यावर बस थांबते. आत ओल्या बांबूचा आणि सुक्या मासळीचा वास कोंडलेला आहे. साल १९७४, महिना जून. शिपाई आत चढतो आणि थेट तुमच्याकडे येतो, कारण अख्ख्या बसमध्ये चेहऱ्यावरून परके तुम्हीच. तुम्ही इनर लाइनचा परवाना पुढे करता, तो उलटसुलट बघून परत देतो. शेजारची बाई तुमच्याकडे बोट करून लेकराला एकच शब्द सांगते: वाई. म्हणजे डोंगराबाहेरचा माणूस. साताऱ्याजवळचं वाई, ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, सगळं डोक्यातून काढून टाका. पुढची बारा वर्षं हा शब्द सावलीसारखा तुमच्या मागे असणार आहे.

रस्ता कोलासिबवरून ऐझॉलकडे चढतो. कडेला गावं लागतात, पण घराला घर खेटून, ओळीत, कवायतीला उभी केल्यासारखी. ही माणसं मुळात इथली नव्हेत. डोंगरमाथ्यावर, आपापल्या झूमच्या, म्हणजे फिरत्या शेतीच्या, वावरांजवळ ती राहत होती. १९६७ च्या जानेवारीपासून लष्कराने त्यांना उठवून रस्त्याच्या कडेला आणलं. पाचशेहून जास्त गावं सुमारे ११० केंद्रांत कोंबली गेली. पहिल्या केंद्रांना सरकारी कागदात नाव मिळालं ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावं’. मिझो बंडखोराला भात मिळू नये, बातमी मिळू नये, रात्रीचा आसरा मिळू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. मलायात ब्रिटिशांनी हाच डाव खेळला होता. फरक इतकाच की तिथे परक्याच्या वसाहतीत खेळला, इथे आपल्याच नागरिकांवर. मागे राहिलेली घरं जाळली गेली. शेत कोसभर दूर पडलं, संध्याकाळी बाहेर राहायची बंदी, म्हणून पीक बुडालं आणि पिकवणारा माणूस रेशनच्या रांगेत आला.

ऐझॉलला तुम्ही पोचता तेव्हा सहा वाजून गेलेत आणि अंधारून आलंय. देशाच्या या टोकाला जूनमध्ये सूर्य साडेचारलाच उगवतो, त्यामुळे तुमचं घड्याळ इथे कायम मागास. एक म्हातारा तुम्हाला चहा पाजतो आणि स्वतः तुइबुरचा घोट तोंडात धरून बसतो. तंबाखूच्या धुरातून काढलेलं ते पाणी. थुंकून मोकळा झाला की बोलतो. खालच्या बाजाराकडे हात करतो: ५ मार्च १९६६ ला इथे बाँब पडले. मिझो नॅशनल फ्रंटने चार दिवसांपूर्वी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आसाम रायफल्सच्या तळाला वेढा पडला होता, आणि भारतीय हवाई दलाची तूफानी आणि हंटर विमानं भारतातल्याच शहरावर आली. विमानांनी माणसं आणि सामान टाकलं, असं दिल्लीने तेव्हा सांगितलं. म्हातारा हसत नाही. नुसता घोट बदलतो.

मग तो सांगतो की आपला ब्रिगेडियर परत आलाय.

थेनफुंगा सायलो. जन्म १९२२ चा. ब्रिटिशांच्या फौजेत भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेत ब्रिगेडियरपदापर्यंत चढले आणि यंदाच निवृत्त झाले. आडनावातही वजन आहे. इंग्रज येण्याआधी या डोंगरांवर सत्ता गाजवणाऱ्या सरदारांचं कूळ सायलो. सरदारकी १९५४ साली कायद्याने संपली, पण सरळ पाठीने बसायची सवय कायद्याने जात नाही. निवृत्त ब्रिगेडियरने काय करावं, हे आपल्याकडे ठरलेलं आहे: पुण्यात बंगला, सकाळी फिरणं, वर्तमानपत्राला पत्रं. सायलोंनी घरी येताच मानवाधिकार समिती काढली.

काळात मागे गेलेल्या माणसाला पोटापाण्याचं काम लागतंच. तुम्हाला इंग्रजी टायपिंग येतं, म्हणून तुम्हाला एका टंकयंत्रासमोर बसवतात. माणसं येतात, ओसरीवर चिखलाचे पाय पुसतात, बोलतात. दुभाषा सांगतो, तुम्ही बडवता. भाताचं कोठार जळालं. पुरुषांना रात्रभर उघड्यावर बसवलं. ओझी वाहायला नेलं. एक बाई काहीच बोलत नाही, तिच्या वतीने सासू बोलते आणि दुभाषा खालच्या मानेने दोनच वाक्यं सांगतो. तुमची बोटं थांबतात. तेवढ्यात सायलो पाठीमागून येऊन कागदावर वाकतात. तारीख, गाव, तुकडी. तारीख चुकली तर दिल्लीत सगळा कागद खोटा ठरेल, एवढंच ते म्हणतात. हात दुखतोय का, असंही विचारत नाहीत.

हे गाऱ्हाणं पुढे पंतप्रधान इंदिरा गांधींकडे जाणार आहे. ते बंडखोराने केलं असतं तर दिल्लीने प्रचार म्हणून फाईलबंद केलं असतं. पाद्र्याने केलं असतं तर परदेशी हात शोधला असता. तीस वर्षं गणवेशात काढलेला माणूस त्याच गणवेशाविरुद्ध साक्षी गोळा करतो, तेव्हा काय करायचं याचा नियम दिल्लीकडे नव्हता. आणि हेही तितकंच खरं की सायलोंना सेनेचा राग नव्हता. शिस्त मोडली याचा राग होता. या दोन रागांमध्ये केवढं अंतर आहे, ते तुमच्या लक्षात यायला अजून आठ वर्षं जायची आहेत.

१३ जानेवारी १९७५. तुम्ही बाजारात असताना गोळ्यांचा आवाज येतो. भरदिवसा बंडखोर पोलीस मुख्यालयात शिरलेत, आणि बैठकीला बसलेले पोलीस महानिरीक्षक आर्य आणि त्यांचे दोन वरिष्ठ अधिकारी ठार झालेत. दुकानांच्या फळ्या एकामागून एक लागतात. म्हातारा तुम्हाला दंडाला धरून आत ओढतो. लोक दोन्ही बाजूंनी भरडले जातायत: रात्री जंगलातून आलेला ‘कर’ मागतो, सकाळी रस्त्यावरून आलेला विचारतो, रात्री कोण आलं होतं? याच सापटीत एप्रिलमध्ये सायलो पक्ष काढतात, पीपल्स कॉन्फरन्स. दोन महिन्यांत आणीबाणी येते.

पुढची तीन वर्षं झटक्यात ओलांडा. १९७८ च्या मे महिन्यात तुम्ही मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका बघता, पाठीला पुआनमध्ये, त्यांच्या विणलेल्या वस्त्रात, बांधलेली मुलं घेऊन. तीस जागांच्या सभागृहात पीपल्स कॉन्फरन्सला स्पष्ट बहुमत मिळतं आणि जूनमध्ये ब्रिगेडियर मुख्यमंत्री होतात. नोव्हेंबरात सरकार पडतं! कोणी गोळी झाडली नाही. त्यांच्याच आमदारांचा एक गट फुटला. ब्रिगेडियरला हुकूम मानणाऱ्यांची सवय असते, आमदारांना रुसण्याची. पण लोकांनी १९७९ साली पुन्हा त्यांनाच निवडलं, आणि ८ मे रोजी ते परत त्या खुर्चीत बसले.

महिन्याभरात तुमच्या दारावर कागद. ठरल्या तारखेच्या आत सगळ्या वाईंनी मिझोरम सोडावं, असा मिझो नॅशनल फ्रंटचा हुकूम. आता ही गोष्ट सरकार आणि बंडखोरांची राहत नाही, तुमची होते. सिलचरकडे जाणाऱ्या बस भरून चालल्यात. कोपऱ्यावरचा बिहारी न्हावी वस्तरे कापडात गुंडाळतो. तुम्ही ट्रंक काढता, परत पलंगाखाली सारता. मग रस्त्यावर पोलीस दिसू लागतात आणि छापे सुरू होतात. सायलो बंडखोरांना जराही सवलत द्यायला तयार नाहीत. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या घरच्यांच्या साक्षी तुम्ही टाइप केल्या, त्यातल्याच काही घरांच्या फाटकाशी आता सायलोंचे पोलीस उभे आहेत. गल्लीत कुणी तुम्हाला तोडून बोलत नाही, पण चहा आता मागितल्याशिवाय मिळत नाही.

एक गंमत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. पलीकडचा नेता लालडेंगा, तोही माजी सैनिकच. हवालदार. फौज सोडल्यावर मिझो जिल्हा परिषदेच्या कचेरीत कारकून. म्हणजे हा सगळा संघर्ष एका अर्थी ब्रिगेडियर आणि हवालदार यांच्यातला. आयुष्यभर जागा सांभाळण्याचं शिक्षण ब्रिगेडियरला. हवालदाराला मात्र माघार घेऊन दुसरीकडून यायचं बरोबर ठाऊक: पूर्व पाकिस्तान गेलं तर आराकान, आराकान नाही जमलं तर दिल्ली, दिल्ली फिसकटली तर लंडन.

१९८० च्या जुलैअखेर शस्त्रसंधी होते. बोलणी सुरू. लालडेंगांची अट तुम्ही चहाच्या टपरीवर ऐकता: सायलोंचं मंत्रिमंडळ जाऊ दे, आमचं हंगामी सरकार येऊ दे, मग करार. ऐझॉलमध्ये दुसरा विषय नाही. चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना होतात आणि प्रार्थना संपली की लोक मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याच्या दिशेने बघतात. सायलोंचं उत्तर सरळ आहे: मला लोकांनी निवडलंय, बंदुकीच्या धाकाने मी उठणार नाही. घटनेच्या पुस्तकात बघितलं तर यात खोट काढता येत नाही. जानेवारी १९८२ मध्ये बोलणी मोडतात, फ्रंटवर पुन्हा बंदी येते, लालडेंगा लंडनला जातात.

त्या रात्री म्हातारा तुम्हाला विचारतो, तू त्यांच्याकडे काम केलंस, माणूस कसा आहे? तुम्ही सांगता, सरळ आहे. म्हातारा म्हणतो, इथल्या डोंगरात सरळ रस्ता कुठे पाहिलास?

मला स्वतःला सायलो बरोबर वाटतात आणि त्यांचा पराभवही बरोबर वाटतो. त्यांच्या सरकारने रस्ते, पाणी, वीज, धान्य यांना आधी हात घातला. पण गावकऱ्याच्या मनात नळापेक्षा आणखी एक गोष्ट वर होती: रात्री दार वाजलं तर ते शेजाऱ्याने वाजवलेलं असावं. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसचे लाल थनहावला सांगू लागले, करार होणार असेल तर मी खुर्ची सोडतो. निवडून येण्याआधीच राजीनामा कबूल करणारा उमेदवार! लोकांनी तेच मागितलं होतं. मतमोजणीच्या दिवशी तुम्ही आकडे ऐकून टपरीबाहेर येता. जल्लोष नाही, मिरवणूक नाही. कोणालाही ब्रिगेडियरला पाडल्याचा आनंद नाही. जुन्या मास्तरांना निवृत्त केल्यासारखा चेहरा सगळ्यांचा.

एकदा दिल्लीला या. ३० जून १९८६, गृह मंत्रालय, रात्र. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी लालडेंगांना भेटणार होत्या. त्याच सकाळी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि करार पुन्हा मागे पडला. आज टेबलापलीकडे बसलेत केंद्रीय गृहसचिव राम प्रधान, महाराष्ट्र केडरचे, एकेकाळी यशवंतराव चव्हाणांचे सचिव. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. घड्याळात बारा वाजले की सही करायचा अधिकार संपला. इतकी वर्षं रखडलेल्या या गोष्टीला आता फक्त मिनिटं उरलीत. लालडेंगा सही करतात, प्रधान सही करतात, मिझोरमचे मुख्य सचिव लालखामा सही करतात. ऑगस्टमध्ये लाल थनहावला बोलल्याप्रमाणे उठतात आणि उपमुख्यमंत्रिपदावर सरकतात, खुर्चीत हवालदार. पुढच्या फेब्रुवारीत मिझोरम राज्य होतं. तुम्ही ऐझॉलला परतता तेव्हा म्हाताऱ्याचं दुकान दहा वाजता उघडं आहे, रात्रीचे दहा, आणि तो चहा न विचारता पुढे करतो.

आता एकच उडी राहिली. २००७. बांबूला फूल आलंय. साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी इथला माउ बांबू एकदमच फुलतो, बिया पडतात, बियांवर उंदीर माजतात, बिया संपल्या की उंदीर भातावर येतात. याला मौताम म्हणतात. मागच्या खेपेला, १९५८ साली, जिल्हा परिषदेने आधीच सावध होऊन आसाम सरकारकडे पंधरा लाख रुपये मागितले होते. बांबूच्या फुलाने दुष्काळ पडतो ही अंधश्रद्धा आहे, असं म्हणून आसामच्या शिलाँगमधल्या तेव्हाच्या सचिवालयाने ते नाकारले. दुष्काळ पडला, लालडेंगांनी दुष्काळ निवारण संघटना काढली, १९६१ साली तिच्या नावातला दुष्काळ गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट उरला.

या वेळी मुख्यमंत्री झोरामथंगा आहेत, जंगलातल्या दिवसांत लालडेंगांच्या अगदी जवळचे. थेनफुंगा सायलो पंच्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ऐझॉलमध्येच राहतात; आणखी आठ वर्षं राहतील. तुम्ही एका सरकारी कचेरीच्या दाराशी उभे आहात. रांगेतल्या पोराने कागदी पुडी टेबलावर उलटी केली. कारकून नाकाला रुमाल लावून पेन्सिलीच्या टोकाने उंदरांच्या शेपट्या मोजतो. एका शेपटीला दोन रुपये. पोरगा म्हणतो, एकतीस. कारकून पुन्हा पहिल्यापासून मोजतो.