तिरुची शिवा यांचे विधेयक

* द्रमुकचे राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांनी मांडलेले तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे खासगी विधेयक. अशा विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारची दुपार येते. बहुधा चर्चा होते, मंत्री आश्वासन देतात आणि सदस्य विधेयक मागे घेतो. २४ एप्रिल २०१५ रोजी शिवांनाही सरकारने विधेयक मागे घेण्याची विनंती केली. ते बधले नाहीत, मत घ्याच म्हणाले, आणि सभागृहाने आवाजी मतदानाने विधेयक संमत केले. त्याआधी खासगी विधेयकाचा कायदा झाला होता तो थेट १९७० साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुपारचे मोल कळते. लोकसभेत मात्र ते अडकले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा सरकारच्या स्वतंत्र विधेयकातून आला. शिवांनी मागितलेले नोकऱ्यांतील २ टक्के आरक्षण त्यात नाही.