प्राध्यापकांची पेन्शन आणि मुलांचे तास

आपल्याकडे शाळेचा शेवट बोर्डाच्या परीक्षेवर ठरतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे हायस्कूलच्या चार वर्षांत विषयवार क्रेडिट साठवावी लागतात. किमान किती हवीत ते बहुतेक ठिकाणी राज्य सांगतं आणि त्यावर स्थानिक शाळा-जिल्हा आपली भर घालतो. मधेच घर बदललं तर मुलाची वह्यापुस्तकं सोबत जातात, क्रेडिट मात्र सगळी जातीलच असं नाही.

या हिशेबाची सुरुवात झाली ती प्राध्यापकांच्या पेन्शनपासून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक कॉलेजच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या होत्या. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली १८९२ मध्ये नेमलेल्या दहा जणांच्या समितीने हायस्कूलच्या अभ्यासक्रमाला शिस्त लावू पाहिली, पण सगळ्यांना बांधील असं मोजमाप आलं नाही. ते आलं पैशाच्या वाटेने. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन कुणाला द्यायची? कॉलेजची पाटी लावलेल्या कित्येक संस्था जेमतेम हायस्कूलच्या दर्जाच्या होत्या. म्हणून कार्नेगी फाउंडेशनचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांनी अट घातली, की प्रवेशासाठी हायस्कूलची १४ युनिट मागेल तेच खरं कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास.

पेन्शनच्या आशेने कॉलेजं राजी झाली. धर्मसंस्थांच्या कॉलेजांना ही योजना लागू नव्हती, तेव्हा काहींनी चर्चशी असलेलं नातंच तोडलं. कॉलेजं मागतात म्हणून हायस्कुलांनीही वेळापत्रकं त्याच मापाने बेतली आणि १९१० च्या सुमारास हे माप, म्हणजेच ‘कार्नेगी युनिट’, जवळपास देशभर रुळलं.

त्याला आव्हान मिळालं १९३० च्या दशकात. ‘एट-इयर स्टडी’ या प्रयोगात तीसेक शाळांना युनिटच्या जाचातून सूट मिळाली. त्यांच्या १,४७५ विद्यार्थ्यांची पारंपरिक शाळांतल्या तितक्याच विद्यार्थ्यांशी जोडी लावून तुलना केली, तेव्हा कॉलेजात ही मुलं कुठेच मागे पडली नव्हती. अहवाल आला तो १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात. युनिट जागच्या जागी राहिलं.

पुढे १९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ या अहवालाने इंग्रजीची चार आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रांची तीन-तीन वर्षं सुचवली. राज्यांनी अटी वाढवल्या, पण आपापल्या पद्धतीने. फ्लोरिडात २४ क्रेडिट लागतात. हवाईत आधुनिक हवाईचा इतिहास सक्तीचा. बाहेरून आलेल्या मुलाने तो शिकलेला कसा असेल? वेळापत्रकांचाही मेळ बसत नाही. एका शाळेत बीजगणित वर्षभर चालतं, दुसरीत तेच रोज लांब तासिका घेऊन सहा महिन्यांत उरकतं. जानेवारीत पहिल्या शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलाचं बीजगणित अर्धं झालेलं असतं आणि नव्या वर्गाचं संपलेलं. सत्राच्या मध्यावर शाळा सुटली, तर तिथवर भरलेले तासही अनेकदा वाया जातात.

यावरचे उपाय एकेका गटापुरते आले. सैनिकांच्या मुलांसाठी झालेला आंतरराज्य करार २००८ पासून लागू होऊ लागला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यं त्यात आली. शेवटच्या वर्षी बदली झाली आणि नव्या शाळेच्या अटी पुऱ्या होणं अशक्य असलं, तर जुन्या शाळेचा डिप्लोमा मिळवून देण्याची सोय त्यात आहे. कॅलिफोर्नियाने पालक-कुटुंबांत वाढणाऱ्या फॉस्टर मुलांसाठी वेगळा कायदा केला: दुसरं वर्ष संपल्यावर शाळा बदलावी लागली, तर जिल्ह्याच्या जादा अटींतून त्यांना सवलत मिळू शकते.

भारतानेही २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याद्वारे हीच वाट धरली. त्यात शाळेच्या एका वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट धरली आहेत. कार्नेगी युनिटने वर्गातला वेळ मोजला, या आराखड्यात खेळ, कला आणि प्रकल्पांचेही तास धरता येतात. निरनिराळ्या बोर्डांमधली समकक्षता साधण्याचं काम एनसीईआरटीच्या ‘परख’ या केंद्राकडे दिलं आहे.