वाचा आणि नाटक

तोतरेपणा म्हणजे दैव नव्हे, त्यावर उपचार करता येतात, हे आपल्याकडे फार उशिरा रुजले. १९६५ साली म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था निघाली. डॉ. न. रत्न तिथे प्राध्यापक, पुढे संचालक. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेचीही धुरा त्यांनी सांभाळली. आणि हाच माणूस कन्नड नाटककार! 'समतेंतो' ही म्हैसूरची हौशी नाट्यसंस्था काढणाऱ्यांत ते होते. हे गमतीदार नाव म्हणजे सरस्वतीपुरममधल्या माडांच्या बागेचे लघुरूप.

आम्हां गोमंतकीयांना नाटकाचे वेड भारी. पण अडखळत बोलणाऱ्या मुलाला आम्ही पडदा ओढायला उभे करतो. रत्नांना वाचा आणि नाटक ही दोन्ही कामे आपलीच वाटली. आमच्या जत्रेतल्या नाटकात त्या मुलाला एखादे वाक्य कधी मिळणार?