चाप आणि खाच

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गोदावरीच्या उत्तरेकडील जुने कसब्याचे गाव. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज या गावचे कुळकर्णी होते, असे इतिहासकार फेरिश्त्याने नमूद करून ठेवले आहे, आणि पूर्वजांच्या या वतनी गावाच्या ओढीने बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी वैर पत्करले, ही हकीकत दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. याच बुऱ्हाणाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, मुहम्मद बिन हसन रूमी याने अहमदनगरास ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टन वजनाची तोफ ओतली. ती पुढे विजापुरास गेली आणि आजही तेथील शेरझा बुरुजावर पाहावयास मिळते. या तोफेचे वजन, तिच्या तोंडावरील सिंहमुख, तिच्यावरील फारसी लेख या सर्वांविषयी विपुल लिहिले गेले आहे. अग्न्यस्त्रांचा इतिहास आपल्याकडे असाच, नळीच्या, दारूच्या आणि गोळ्याच्या अंगाने सांगितला जातो. परंतु ज्या लहानशा लोखंडी जिभेवर बोट ठेवून मनुष्य आपला निश्चय शस्त्रापर्यंत पोहोचवितो, त्या चापाचा इतिहास कोणी सांगत नाही. तो सांगावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण नेम साधतो किंवा चुकतो तो बहुधा तेथेच.

तोफेला चाप नसतोच. कान्यावर, म्हणजे नळीच्या मागील भोकावर, रंजक (पेट धरणारी बारीक दारू) ओतून बत्ती दिली की काम झाले. खांद्याशी धरावयाच्या बंदुकीत मात्र दोन्ही हात शस्त्र पेलण्यात गुंतलेले, तेव्हा जळती जामगी, म्हणजे सुताची वात, रंजकापर्यंत नेण्यासाठी यंत्राची गरज उत्पन्न झाली आणि तोड्याची बंदूक अस्तित्वात आली. या बंदुकीचा चाप अगदी सरळ स्वभावाचा होता: बोटाने चाप ओढावा, त्याला जोडलेला दांडा आत फिरावा आणि जामगी धरलेला घोडा रंजकाच्या प्याल्यावर वाकावा. यात कोठे शक्ती साठवून ठेवलेली नव्हती. सारे श्रम बोटाचेच. म्हणूनच ती ओढ लांबलचक आणि संथ असे, आणि बार होण्याचा नेमका क्षण बंदूकधाऱ्यालाही आधी उमगत नसे. तरीसुद्धा ही बंदूक दख्खनेत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली, कारण ती बिघडली तर गावचा लोहार ती दुरुस्त करू शके.

खरी क्रांती चकमकीच्या बंदुकीने घडविली. तिच्यात घोड्याला गती देण्याचे काम बोटाकडून काढून घेऊन एका जोरकस कमानीकडे सोपविण्यात आले. घोडा मागे ओढून चढविला की कमान ताणली जाई, आणि आतील चक्रीच्या खाचेत एका पोलादी दांतऱ्याचे टोक अडकून तो सारा ताण रोखून धरी. आता चापाचे काम एवढेच उरले, की ते टोक खाचेतून निसटवावयाचे. बोटाचे श्रम कमी झाले, पण त्याबरोबर एक नवा सूक्ष्म प्रश्न जन्मास आला, आणि तो आजतागायत तसाच आहे: खाच खोल ठेवावी तर चाप जड आणि खरबरीत होतो, उथळ ठेवावी तर शस्त्र भलत्याच वेळी सुटते. पुढे टोपीदार बंदूक आली, मग काडतुसाची आली. दारू पेटविण्याची रीत बदलत गेली, परंतु खाच आणि दांतरा यांचे नाते जसेच्या तसे राहिले.

परभणीच्या परिसरात बंदुका वापरणाऱ्या कवायती फौजेचे केंद्र होते हिंगोली. १९९९ च्या १ मे रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणीतच मोडत असे, आणि निजामाच्या राज्यात तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. १८१९ च्या जानेवारीत हटकर नाईक नोसाजी याच्या नोव्हा येथील गढीला मेजर पिटमनच्या फौजेने वेढा घातला. आत अरब शिबंदी होती, आणि ती अखेरपर्यंत लढली. या वेढ्याची आठवण म्हणून ‘नोव्हा’ हे नाव पुढे त्या फौजेच्या पलटणींच्या सन्मानांत कोरले गेले. निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहानंतर या फौजेस हैदराबाद कंटिंजंट हे स्वरूप आले आणि १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. जेथे कवायती पलटण तेथे शस्त्रांची निगा राखणारे कारागीर असावयाचेच. तलवारीला धार आणि झिलई चढविणारा शिकलगार दख्खनेत पूर्वीपासून होता. बंदुकीचा जमाना आला तेव्हा पोलादाचा पृष्ठभाग नितळ करण्याचे हेच कसब या नव्या यंत्रालाही लागणारे होते. नांदेड-परभणीच्या पट्ट्यात आजही शीख शिकलकरी कुटुंबे आहेत, जी आपला वारसा दशम गुरूंच्या शस्त्रकारांपर्यंत नेतात. शस्त्रांचे काम केव्हाच सरले, आता कढया, तवे आणि कुलपांच्या किल्ल्या यांवर त्यांची गुजराण चालते. या समाजावर संशयाची दृष्टी ठेवण्याची जी सवय राज्यकर्त्यांना आणि शेजाऱ्यांना लागली, ती मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, आणि पुढे १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आल्यावर परवान्याची सर्व व्यवस्था देशभर एकाच कायद्याखाली आली. सामान्य गृहस्थाच्या हाती यापुढे आली ती हवेची बंदूक. ती काही नवी नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरार्दोनी याने रचलेली हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने प्रत्यक्ष युद्धात वापरली होती. आपल्याकडे मात्र ती पोहोचली कमानीवर चालणाऱ्या साध्या रूपात, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहातील इंडियन ह्यूम पाइप कंपनीनेही एके काळी अशा रायफली बनविल्या. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. अशा उरुसांत आणि जत्रांत फुगे फोडण्याच्या दुकानावर मराठवाड्यातील असंख्य मुलांनी आयुष्यातील पहिला चाप ओढला. तो चाप बहुधा इतका जड असे, की छर्रा सुटेपर्यंत नळी फुग्यावरून केव्हाच ढळलेली असे.

या दुकानापासून ऑलिंपिकच्या मैदानापर्यंत जे अंतर आहे, ते मुख्यत्वे चापाचेच अंतर आहे. १० मीटर हवाई पिस्तुलाची स्पर्धा १९८८ साली सोल येथे ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली, ४.५ मिलिमीटरचा छर्रा, एका हाताने धरलेले पिस्तूल, आणि लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे. नियम असा, की चापाची ओढ ५०० ग्रॅमहून कमी असता कामा नये. पंच ५०० ग्रॅमचे वजन चापाला अडकवून पिस्तूल उभे उचलून पाहतात, आणि तेवढ्याने चाप सुटला तर ते शस्त्र बाद. या खेळाच्या संघटनेची पायाभरणी एका मराठी कुळाच्या पुरुषाने केली, हेही येथे नमूद करावयास हवे: लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्ष, आणि नवोदितांची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. याच खेळाच्या परंपरेत पुढे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले.

आता, ज्याच्याजवळ साधे कमानीचे हवाई पिस्तूल आहे, त्याने घरच्या घरी त्याचा चाप सुधारावा काय? प्रश्न रास्त आहे. पिस्तूल किलोभर वजनाचे आणि चापाची ओढ दोन किलोची असली, तर बोट शस्त्र सोडण्याऐवजी शस्त्रालाच खेचते आणि नळी खाली झुकते. कमानीच्या पिस्तुलात मुख्य कमानीचा सारा रेटा त्या एकाच खाचेवर येतो, म्हणून तेथे चाप सहसा जड असतो. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलात खाचेला केवळ एक लहानसा हातोडा रोखावा लागतो, म्हणून तेथे तो पाचशे ग्रॅमवर आणता येतो. हा भेद न ओळखता कानस हाती घेणारे लोक शस्त्राचा घात करतात. खाचेच्या आणि दांतऱ्याच्या पोलादाला पाणी देऊन बहुधा केवळ वरचा पापुद्रा कठीण केलेला असतो. तो घासला गेला की आतील मऊ धातू उघडा पडतो, कडा गोल होतात, आणि काही काळाने चाप न ओढताही पिस्तूल सुटू शकते. कोनात झालेला किंचित फरकसुद्धा तोच परिणाम करतो.

घरी करण्याजोगे काम त्याच्या अलीकडे पुष्कळ आहे. नळीत छर्रा नाही आणि कमान चढविलेली नाही, याची प्रथम खात्री करावी. चापाच्या यंत्रणेत वर्षानुवर्षे घट्ट झालेले ग्रीस आणि धूळ काढून टाकावी. घर्षणाच्या जागी मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. निर्मात्याने जुळवणीचे स्क्रू दिले असतील तर ते पाव-पाव फेऱ्याने फिरवून, प्रत्येक वेळी ओढ मोजावी आणि लिहून ठेवावी. चापाच्या पहिल्या टप्प्यातील सैल चाल पुरी होऊन बोटाला अडथळा स्पष्ट जाणवला, आणि तेथून पुढे चाप न घसटता एकदम सुटला, तर ओढ थोडी जड असली तरी नेमास बाधा येत नाही. कमानीच्या पिस्तुलाचा रिकामा बार मात्र, ओढ मोजतानाही, काढू नये, कारण छऱ्याचा अडसर नसता दट्ट्या पुढे आपटून त्याची चकती फुटू शकते. आणि चाप सुधारण्याच्या निमित्ताने कमान जोरकस करण्याचा मोह टाळावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवाई शस्त्रांसाठी २० ज्यूल ऊर्जेची मर्यादा आहे, आणि ती ओलांडणारे शस्त्र परवान्याच्या कक्षेत येते.

खाच घासण्याचे काम मात्र त्या विषयाचा जन्मभर अभ्यास केलेल्या हातांचेच आहे, आणि तसे हात आपल्या जिल्ह्यातून झपाट्याने नाहीसे होत आहेत. पाथरी, जिंतूर, गंगाखेड, मानवत येथील शिक्षकांना आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना माझी विनंती आहे, की आपल्या गावच्या वृद्ध लोहारांकडे आणि शिकलकऱ्यांकडे जाऊन ते पोलादाला पाणी कसे देत, कोणता दगड वापरीत आणि धार परीक्षिण्याची त्यांची रीत काय होती, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.